दूरचें चित्र आणि जवळचा मुखत्यार

दूरच्या माणसाशीं बोलावयाचें तर शब्द मोजून वापरावे लागतात, हा धडा मुंबईचा व्यापारी दीडशें वर्षांपूर्वींच शिकला. १८७० सालीं सुएझ व एडन या वाटेनें समुद्रांतील तार मुंबईस येऊन पोंचली. एके काळीं आगबोटीच्या टपालाची आठवडेच्या आठवडे वाट पाहणाऱ्या पेढ्यांना लिव्हरपूलच्या कापसाचा भाव कांहीं तासांत कळूं लागला. परंतु तारेचें मोल शब्दागणिक पडे आणि तें जबर असे. तेव्हां व्यापाऱ्यांनीं सांकेतिक शब्दांचीं पुस्तकें हातीं घेतलीं. भाव उतरत आहेत, पुढील सूचना मिळेपर्यंत माल विकूं नये, एवढा मजकूर एका निरर्थक दिसणाऱ्या शब्दांत मावे. इकडचा गुमास्ता पुस्तकांत पाहून तो शब्द घाली व तिकडचा गुमास्ता तसल्याच पुस्तकांत पाहून त्याचा उलगडा करी.

हाच प्रकार पुढें तारखात्यानें घरोघरीं नेला. लग्नाच्या किंवा दिवाळीच्या शुभेच्छांचीं ठराविक वाक्यें छापून प्रत्येकास एक आंकडा दिलेला असे. गिरगांवांतील मनुष्य तारेच्या कागदावर तो आंकडा लिही, तारेवरून आंकडाच जाई, आणि नागपूरच्या किंवा बेळगांवच्या वधूवरांच्या हातीं मात्र सबंध वाक्य पडे. जुलै २०१३ मध्यें ही तारसेवा बंद झाली. पण तिच्या पोटांतील युक्ति मेली नाहीं. दोन्ही टोकांस एकच पुस्तक असावें, दोन्ही टोकांस एकेक जाणता मुखत्यार असावा, आणि मधल्या वाटेनें नवें तेवढेंच जावें, ही ती युक्ति. संगणकाच्या पडद्यावरील चित्रें दूर अंतरावर नेण्याच्या कामीं ती पुन्हां उपयोगी पडली, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

मुंबईला संगणकाची ओळख लवकर झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला टिफ्रॅक हा संगणक १९६० सालीं कामास लागला, व आलेख दाखविणारा एक पडदाहि त्याला जोडलेला होता. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सीडीसी ३६०० हें मोठें यंत्र आलें. देशांतील अनेक संस्थांचे संशोधक आपलें गणित भोंकें पाडलेल्या पत्त्यांवर उतरवून तें सोडविण्यासाठीं या यंत्राकडे धाडीत. यंत्र एका जागीं आणि गरजू दुसऱ्या जागीं, ही अडचण तेव्हांपासूनची आहे.

तिच्यावर एक सुंदर तोड १९८४ सालीं अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत निघाली. बॉब शाइफ्लर व जिम गेटिस यांनीं तेथें एक्स विंडो ही पद्धति उभी केली. तींत कार्यक्रम एका संगणकावर चालतो आणि त्याचीं अक्षरें, चौकटी व चित्रें दुसऱ्याच संगणकाच्या पडद्यावर उमटतात. येथें रेघ ओढ, येथें हें अक्षर काढ, ही चौकट रंगव, अशा आज्ञा तारेवरून जातात; कळफलकाचे व माउसचे निरोप उलट येतात. आवारांतील तार सेकंदाला एक कोटि बिट वाहून नेत असे, त्यामुळें ही पद्धति किती बोलकी आहे याची फारशी चिंता कोणास वाटली नाहीं.

तीच पद्धति टेलिफोनच्या तारेवर आणली म्हणजे तिचें खरें वजन कळतें. १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमनें मुंबई व इतर मोठ्या शहरांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट खुलें केलें. त्या काळीं घरच्या फोनवरून सेकंदाला ९,६०० बिट मिळाले तरी पुष्कळ वाटे. आतां ८०० बिंदु रुंद व ६०० बिंदु उंच असा पडदा घ्या. त्यावर ४,८०,००० बिंदु होतात. प्रत्येक बिंदूस आठच बिट धरले तरी एक पूर्ण चित्र ३८,४०,००० बिटांचें होतें. असें चित्र जसेंच्या तसें पाठवावें लागलें, तर त्या तारेवरून तें यावयास ४०० सेकंद, म्हणजे सहा मिनिटें चाळीस सेकंद लागत. तेवढ्या वेळांत दादरहून सुटलेली धीमी लोकल लोअर परळ गांठते. रेघांच्या व अक्षरांच्या आज्ञा चित्रापेक्षां पुष्कळ हलक्या असतात हें खरें. पण त्याहि हजारोंनीं येऊं लागल्या म्हणजे तार तुंबते.

त्याच १९९५ सालीं ब्रायन पेन यांनीं डीएक्सपीसी या नांवाचें साधन प्रसिद्ध केलें. त्यांत दोन प्रॉक्सी, म्हणजेच दोन मुखत्यार, असतात. एक कार्यक्रमाजवळ बसतो, दुसरा पडद्याजवळ. कार्यक्रमाला वाटतें आपण पडद्याशींच बोलत आहों. पडद्याला वाटतें कार्यक्रमच आपल्याशीं बोलत आहे. मध्यें हे दोघे आपसांत अत्यंत तुटक भाषेंत व्यवहार उरकतात. मागच्या आज्ञेंत रंग, जागा व चौकट सांगून झाली असेल आणि पुढच्या आज्ञेंत केवळ जागा बदलली असेल, तर तारेवरून बदललेला आंकडा तेवढाच जातो.

याच पायावर इटलीचे जान फिलिप्पो पिंझारी यांनीं एनएक्स ही मोठी इमारत उभारली. त्यांच्या नोमशीन या कंपनीनें ती २००३ च्या सुमारास लोकांपुढें आणली. तींतील मुखत्यार पूर्वीं गेलेले संदेश दोन्ही टोकांस क्रमवार जपून ठेवतात. तोच संदेश पुन्हां आला कीं सबंध मजकुराऐवजीं त्याचा क्रमांक जातो, शुभेच्छेच्या तारेंतील आंकड्याप्रमाणें. मोठीं चित्रें आवळून पाठविलीं जातात. आणि कळ दाबल्याचें उत्तर जड चित्राच्या पाठीमागें खोळंबून राहूं नये, म्हणून त्याला आधीं वाट दिली जाते.

येथवर बचत झाली ती बिटांची. त्याहून मोलाची बचत फेऱ्यांची आहे. कार्यक्रम पडद्याला सारखे प्रश्न विचारतो: अमुक खुणेचा क्रमांक कोणता, अमुक वळणाचीं अक्षरें आहेत काय, अमुक रंग मिळेल काय, आणि उत्तर येईतों हात जोडून उभा राहतो. मुंबईपासून न्यूयॉर्क सुमारें १२,५०० किलोमीटर दूर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदाला सुमारें दोन लक्ष किलोमीटर धांवतो. अगदीं सरळ तंतु टाकला असता तरी एका जाण्यायेण्यास एक अष्टमांश सेकंद लागलाच पाहिजे. एखाद्या कार्यक्रमानें उघडतांना एकामागून एक हजार प्रश्न विचारले, तर नुसत्या वाट पाहण्यांत दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला. तार कितीहि रुंद करा, हा वेळ कमी होत नाहीं. कारण प्रकाशाला चाबूक मारतां येत नाहीं.

१९९६ सालीं एक्सच्या अधिकृत संचांत एलबीएक्स नांवाचा मंद तारेसाठींचा मुखत्यार आला होता. २००३ सालीं कीथ पॅकार्ड व त्याच जिम गेटिस यांनीं मोजमाप करून दाखविलें कीं, नेहमींच्या संक्षेपापेक्षां त्याचा लाभ थोडाच होता. मुख्य खोळंबा फेऱ्यांचा होता. एनएक्सनें नेमका यावर घाव घातला. कार्यक्रमाजवळच्या मुखत्याराला त्यानें जवळजवळ पडद्याचाच अधिकार दिला. ज्या प्रश्नाचें उत्तर त्याला ठाऊक आहे, तें तो तेथल्या तेथें देतो. समुद्रापार विचारावयास जात नाहीं. शिवाय मध्येंच जोडणी तुटली तरी तो कार्यक्रम जिवंत ठेवतो. आषाढांतल्या पावसानें तार गेली, दोन तासांनीं आली, तरी अर्धें राहिलेलें काम जेथें होतें तेथेंच सांपडतें.

मुखत्यार ठेवला म्हणजे त्याच्या जबाबदाऱ्याहि आल्या. दोन्ही टोकांचीं पुस्तकें तंतोतंत जुळलीं पाहिजेत. एका टोकाचें पान चुकलें तर भलतेंच चित्र उमटेल. हलत्या चित्रपटापुढें ही युक्ति फारशी चालत नाहीं, कारण तेथें दर क्षणीं सारेंच नवें असतें. संदेश आधीं आवळावा आणि मग कुलुपबंद करावा, हा क्रम उलटवून चालत नाहीं. कुलुपबंद मजकुरांत पुनरुक्ति दिसतच नाहीं, मग आवळावयाचें काय? आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, मुखत्याराच्या हातून घरचें सगळें गुपित जातें. तो विश्वासाचाच हवा. एनएक्सच्या तिसऱ्या आवृत्तीचा गाभा सर्वांस वाचावयास खुला होता. पुढें कंपनीनें आपली चौथी आवृत्ति खुली ठेविली नाहीं, तेव्हां एक्स-टू-गो या प्रकल्पाच्या मंडळींनीं जुन्या खुल्या गाभ्यावरच आपलें काम चालविलें. विश्वासाचा प्रश्न त्यांनाहि लहान वाटला नसावा.

आतां तारा रुंद झाल्या आहेत, मग या काटकसरीचें प्रयोजन काय, असा प्रश्न सुचेल. त्याचें उत्तर २०२० च्या मार्चमध्यें मिळालें. २५ तारखेस देशभर टाळेबंदी लागली आणि नरिमन पॉइंटच्या, लोअर परळच्या कचेऱ्या एका रात्रींत घरांत शिरल्या. लालबागच्या चाळींतील एका खोलींत एकाच फोनच्या जोडणीवर थोरल्याची नोकरी आणि धाकटीची शाळा चालावयाची होती. त्या कचेऱ्यांनीं वापरलेल्या पद्धति निरनिराळ्या होत्या, पण कसोटी एकच होती. जें साधन तारेवर कमी बोलतें, तें त्या खोलींत चाललें. जें रुंद तार गृहीत धरून बनविलें होतें, तें अडखळलें, आणि त्याबरोबर कोणाची तरी हजेरी अडखळली.

साधनें बनविणारा बहुधा उत्तम जोडणीपाशीं बसलेला असतो. तीं वापरणारा मात्र कोठेंहि असतो. म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची परीक्षा मंद तारेवर व्हावी. समोरच्याला ठाऊक असलेलें पुन्हां सांगूं नये, आणि घरीं मिळणारें उत्तर समुद्रापार विचारूं नये, ही शिस्त कापसाच्या पेढीवरील गुमास्त्याला पैशांसाठीं पाळावी लागे. आज ती शेजारच्या खोलींतील माणसासाठीं पाळावयाची आहे.