निशिगंधाच्या कंदांची विश्रांती आणि विभागणी
(परळ, मुंबई येथे फूल उत्पादकांपुढे केलेले भाषण)



आपण बसलो आहोत तेथून दादरचा फूलबाजार अगदी जवळ आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांची फुले तेथेच उतरतात. तेथे निशिगंधाचे सुटे फूल किलोवर जाते, तर छडी लांबी आणि कळ्या पाहून घेतली जाते. आखूड छडी मागे पडते. त्यामुळे खत कमी पडले का, असे बागायतदार विचारतात. मी त्यांना आधी बेण्याबद्दल विचारतो.

निशिगंधाचा कंद आयुष्यात एकदाच फुलतो. दांडा देऊन झालेला मधला कंद पुन्हा फुलत नाही. त्याच्या भोवती धरलेले नवे कंद पुढे फुलतात. गड्डा खणून सगळेच पुन्हा जमिनीत घातले, तर त्यात फुलून गेलेले आणि अजून फुलण्याजोगे न झालेले असे दोन्ही कंद जातात. ३० × २० सें.मी. अंतराने एकरी ६० हजारांच्या वर कंद लागतात. त्यातला चौथा हिस्सा जरी असा निघाला, तरी १५ हजार जागांना पाणी, खत, खुरपणी सगळे द्यायचे आणि त्या हंगामात फूल नाही. हा तोटा वहीत कोठे दिसत नाही, म्हणून तो वर्षानुवर्षे चालू राहतो.

थंड देशांत कंद काढतात ते जमीन गोठते म्हणून. आपल्याकडे ती भीती नाही. थंडीत निशिगंधाची वाढ मंदावते, पाने पिवळी पडू लागतात, आणि हाच विश्रांतीचा काळ. दरवर्षी कंद काढण्याची गरज नाही. एक लागवड तीन वर्षे ठेवता येते. त्यानंतर मात्र गड्ड्यात दाटी होते, दांडे आखूड येतात, फूल बारीक होते. चौथे वर्ष ओढण्याचा मोह टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

काढणीपूर्वी तीन-चार आठवडे पाणी तोडावे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने सुकली की कुदळीने बाजूने खणून गड्डा अख्खा उचलावा. माती झाडावी, धुऊ नये. कंद हाताने सुटे करावेत; ओढाताण करून तळ फाटला तर तेथूनच कूज शिरते. मध्ये वाळक्या दांड्याचा बुडखा असलेला कंद दिसेल, तो बाजूला टाकावा. उरलेल्यांतले २ ते ३ सें.मी. जाडीचे, चातीसारखे, टणक कंद लागवडीला घ्यावेत. दीड सें.मी.हून बारीक कंद फेकू नयेत. त्यांचा वेगळा वाफा करावा, वर्षभर पोसावेत आणि पुढच्या वर्षी मुख्य शेतात न्यावेत. मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी असतील, तर त्या शेतातले बेणे कितीही गुबगुबीत असले तरी घेऊ नये.

निवडलेले कंद सावलीत, हवेशीर जागी पातळ पसरून चार ते सहा आठवडे ठेवावेत आणि अधूनमधून उलटावेत. पोत्यात भरून ढीग लावला की मधले कंद तापतात आणि सडतात. एप्रिल-मेमध्ये, बुरशीनाशकाची बेणेप्रक्रिया करून, सुमारे ५ सें.मी. खोल लागवड करावी. पाऊस येण्याआधी कंदाला मुळे धरली पाहिजेत. कोकणपट्टीत तर गादीवाफाच हवा, कारण आपल्याकडे कंद मरतो तो साचलेल्या पाण्याने.

ग्लॅडिओलसची रीत थोडी निराळी. फुले काढल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी, पाने पिवळी झाली की कंद काढतात, आणि पुढच्या लागवडीपर्यंत शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवतात. घरच्या माळ्यावर ते उन्हाळा काढतील, ही आशा धरू नका.

लालबाग-परळच्या चाळींतल्या गॅलरीत डब्यात निशिगंध लावणाऱ्या भगिनीही येथे आहेत. त्यांनी थंडीत पाणी कमी करावे, मार्चमध्ये डबा उपडा करून मधला जुना कंद काढावा, आणि मोठ्या डब्यात तीनच कंद पुन्हा लावावेत. डब्याच्या बुडाला भोके मात्र आधी पाडून घ्यावीत.