वैनीचे स्टेशन



या सुवर्णमहोत्सवात ‘बिहार आणि महाराष्ट्र’ या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. विषय अफाट, वेळ थोडा. म्हणून आम्ही एका लहानशा गावापुरतेच बोलणार आहोत. गावाचे नाव वैनी. मराठी कानाला हे नाव ऐकून घरातील वहिनींचीच आठवण व्हावी! मुझफ्फरपूरपासून ते सुमारे २५ मैलांवर, आजच्या समस्तीपूर जिल्ह्यात आहे.

३० एप्रिल १९०८ च्या रात्री मुझफ्फरपुरास युरोपियन क्लबाजवळ एका घोडागाडीवर बॉम्ब पडला. तो टाकणारे खुदिराम बोस आणि प्रफुल्ल चाकी धर्मशाळेत खोट्या नावांनी उतरले होते. त्यांचे लक्ष्य न्यायाधीश किंग्जफर्ड. कलकत्त्यास मॅजिस्ट्रेट असताना सुशील सेन या कोवळ्या मुलास त्याने फटक्यांची शिक्षा दिली होती, ती बंगाल विसरला नव्हता. परंतु गाडीत तो नव्हता. बॅरिस्टर केनेडी यांची पत्नी व कन्या तीत होत्या. दोघीही निरपराध, आणि दोघीही प्राणास मुकल्या. खुदिरामांविषयी आदराने बोलताना या दोन स्त्रियांना वगळून पुढे जाणे आम्हांस कधीच जमले नाही.

दोघे दोन वाटांनी पळाले. खुदिराम रात्रभर रुळांच्या बाजूने चालत राहिले आणि सकाळी वैनीस पोहोचले. वय अठरा. अंगात त्राण नाही, घशाला कोरड. स्टेशनाजवळच्या दुकानी त्यांनी पाणी मागितले. तोवर तारा सुटल्या होत्या, स्टेशनास्टेशनांवर पहारे बसले होते. फतेहसिंग व शिवप्रसादसिंग या दोन शिपायांना धुळीने माखलेल्या, थकलेल्या या परक्या मुलाचा संशय आला. चार प्रश्न विचारले, उत्तरे जुळेनात, झटापट झाली. त्यांच्याजवळ पिस्तुले, ३७ काडतुसे, ३० रुपये, आगगाडीच्या मार्गांचा नकाशा आणि वेळापत्रकाचे एक पान सापडले. त्या पानाचा विचार मनातून जात नाही. पुढची गाडी कोणती, हे त्या मुलाने पाहून ठेवले होते.

प्रफुल्ल चाकी समस्तीपुरास गाडीत बसले; परंतु त्याच गाडीत एक पोलीस अधिकारी होता. मोकामा घाटावर घेरले जाताच त्यांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदिरामांना ११ ऑगस्ट १९०८ रोजी मुझफ्फरपूरच्या तुरुंगात फाशी झाली.

आता आपल्याकडे वळू. या बॉम्बविषयी टिळकांनी ‘केसरी’त १२ मे रोजी ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनला ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे अग्रलेख लिहिले. बॉम्बचा मार्ग त्यांनी उचलून धरला नाही. मात्र तरुण या थरास का आले, याचा दोष सरकारी दडपशाहीच्या पदरी घातला. सरकारला तेवढे पुरले. २४ जूनला अटक, २२ जुलैला सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांनाही त्याच जुलैत १९ महिन्यांची सजा झाली. टिळकांनी मंडालेस ‘गीतारहस्य’ लिहिले. १९१५ साली ते छापून निघाले. मराठी घरातील पोर मंडाले जाणते. वैनी मात्र ठाऊक नसते.

आमच्या दिल्लीच्या सहकाऱ्यांसाठी आणखी एक खूण. तेथील ‘पूसा’ हे नाव याच परिसरातले. वैनीजवळच्या पूसा गावी १९०५ साली स्थापन झालेली शेतकी संशोधनसंस्था १९३४ च्या भूकंपात मोडली, मग दिल्लीस गेली आणि नावही सोबत घेऊन गेली.

ज्या स्टेशनावर तो मुलगा पकडला गेला, त्याला आज त्याचेच नाव आहे: खुदिराम बोस पूसा. पकडणारे शिपाई आणि पकडला गेलेला मुलगा, दोन्ही आठवणी त्या गावाच्या वाट्याला आल्या. पाटीवर नाव कोणाचे, ते पाहावे. समस्तीपूर-मुझफ्फरपूर मार्गावर ते लागते. मंडळाची पुढची सहल तिकडे निघावी, एवढी विनंती कार्यकारिणीने टिपून घ्यावी. डबे बरोबर न्यावेत.