फ्रेमची पट्टी नंतर, मागचा पुठ्ठा आधी

अकोल्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. त्याच्या पणजीच्या देवघरातली लक्ष्मी, रविवर्मा प्रेसचा छाप. काच फुटली, कडा तपकिरी झाल्या, एका कोपऱ्याला कसर लागलीय. फ्रेमवाला म्हणाला, "लॅमिनेशन करून टाका ना भाऊ, शंभर वर्सं काई होत नाई त्याले." करू का, असं विचारतोय.

नको रे बाबा. लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक कागदाला चिकटवणं. ते पुन्हा निघत नाही. काढायला गेलं की रंगही सोबत येतो. हा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगागणिक वेगळा दगड वापरून हे छाप निघायचे. खालच्या पांढऱ्या पट्टीवर बहुतेकदा प्रेसचं नाव असतं, तेव्हा मापात बसत नाही म्हणून ती पट्टी कापू देऊ नकोस.

आता त्या तपकिरी कडा. आपण दुकानात गेलो की पट्टी निवडण्यात अर्धा तास घालवतो, सोनेरी की काळी. चित्राला खातो तो मागचा पुठ्ठा. स्वस्त पुठ्ठ्यात आणि हार्डबोर्डात आम्ल असतं, ते हळूहळू कागदात उतरतं. म्हणून चित्राच्या मागे आणि पुढे अ‍ॅसिड-फ्री बोर्ड हवा. सगळ्यात चांगला बोर्ड कापसाच्या लगद्याचा असतो. कापूस आपल्या वऱ्हाडात पिकतो, पण हा बोर्ड अमरावतीच्या दुकानात सहज मिळेलच असं नाही. ऑनलाइन एक शीट मागव आणि स्वतः घेऊन जा. फ्रेमवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

पुढच्या बोर्डाला खिडकी कापतात, तोच माउंट. तो फक्त शोभेचा नाही. त्यामुळे काच चित्राला टेकत नाही. टेकली की पावसाळ्यात आत दमट होतं आणि चित्र काचेला चिकटतं. तसं चिकटलेलं कोणाकडे असेल तर ओढू नका, जाणकाराकडे न्या.

चिकटवायला फेविकॉल नाही, सेलोटेप तर अजिबात नाही. वरच्या कडेला पातळ कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या, गव्हाच्या स्टार्चच्या खळीनं लावलेल्या. ही खळ पाण्यानं सुटते, म्हणजे उद्या चित्र बाहेर काढता येतं. मागून कागद लावून फ्रेम बंद करायची.

पट्टी कुठलीही चालेल. परतवाड्याकडचं सागवान मिळालं तर उत्तम, उधई त्याला सहसा लागत नाही. फक्त लाकूड चित्राला थेट टेकू नये. यूव्ही काच महाग पडते. परवडली तर घे, पण तिच्यामुळे चित्र उन्हात टांगायची मुभा मिळत नाही. उजेडानं रंग उडतातच.

आणि कूलर! पंचेचाळीस डिग्रीत आपला कूलर दोन-तीन महिने बंद होत नाही. त्याच्या झोतासमोरची भिंत सगळ्यात वाईट. आतल्या खोलीची कोरडी भिंत बघ, फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून रबराच्या गोळ्या लाव, म्हणजे हवा खेळेल.

बोर्ड येईपर्यंत लक्ष्मी गुंडाळू नकोस. दोन स्वच्छ पांढऱ्या कागदांमध्ये सपाट ठेव, वर्तमानपत्रात नाही. फ्रेम झाली की फोटो पाठव, मागच्या बाजूचासुद्धा.