खिडकीचं माप आपल्या हातानं

सोयाबीनचे पैसे हातात आले, कापूस घरात येऊ लागला, की आपल्याकडे घराची राहिलेली कामं आठवतात. त्यात हल्ली खिडक्यांचा नंबर वरचा. वाळवी लागलेली लाकडी चौकट काढायची आणि ॲल्युमिनियमची सरकती खिडकी बसवायची. मीही बसवली, तीन वर्षांपूर्वी, बचत गटातून कर्ज काढून. त्यात काय चुकलं, ते आज सांगते.

आमचं गाव घाटाखाली, नांदुऱ्याकडे. समोरची खोली सासऱ्यांच्या वेळची, मातीच्या भिंतीची. मागच्या दोन विटांच्या. कारागीर आला, एका खिडकीला टेप लावली, रुंदी एकदा, उंची एकदा, आणि म्हणाला, बाकीच्या सारख्याच दिसतात. मी म्हटलं, तिन्ही मोजा ना. तर घरातूनच आवाज आला, ‘तुले काय कयते त्यातलं?’ मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी खिडक्या आल्या. एक बसली. दुसरी पाऊण इंचानं मोठी, तिच्यासाठी भिंत छिनावी लागली. तिसरी इतकी लहान, की बाजूची फट सिमेंटनं बुजवली आणि पहिल्याच पावसात तिथून पाणी आत आलं. गिलाव्याचे पैसे वेगळे गेले. कर्जाचा हप्ता मात्र माझ्याच नावावर! चूक कारागिराची होतीच. पण कागदावर माझं माप असतं, तर मला बोलता आलं असतं.

टेप लोखंडी पट्टीची घ्या. शिलाई मशीनवरची 60 इंची टेप वापरून वापरून ताणलेली असते. लोखंडी टेपच्या टोकाचा आकडा थोडा हलतो, म्हणून ती खराब समजू नका. आतून मोजा की बाहेरून, आकड्याच्या जाडीचा फरक पडू नये, म्हणून तो मुद्दाम ढिला ठेवलेला असतो.

रुंदी तीन ठिकाणी घ्यायची: वर, मध्ये, खाली. उंचीही तीन ठिकाणी. समजा रुंदी वर 48 इंच, मध्ये 47 इंच 4 सूत आणि खाली 47 इंच 6 सूत आली. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. यातलं सगळ्यात लहान माप धरायचं, 47 इंच 4 सूत. खिडकी सगळ्यात अरुंद जागेतही मावली पाहिजे ना! उंचीचंही तसंच.

शिवणकाम करणाऱ्या बाया इथे गडबडतात. ब्लाऊजला आपण माया सोडतो, माप वाढवतो. खिडकीचं उलट. बसवायला जागा राहावी म्हणून प्रत्येक बाजूला एक-दोन सूत कमी करतात. ते आपण करायचं नाही. कागदावर लिहा, ‘हे मोकळ्या जागेचं माप, सूट कापलेली नाही.’ नाहीतर आपणही कापतो, तोही कापतो, आणि माझ्या तिसऱ्या खिडकीसारखं होतं.

मग सुतळी घ्या. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत धरा, मग दुसरे दोन कोपरे. दोन्ही लांबी सारखी आली, तर खिडकी गुण्यात आहे. अर्धा-पाऊण इंच फरक असेल, तर आधी गवंडी बोलवा, मग परत मोजा.

मातीच्या जुन्या घरात आणखी एक पाहा. भिंत हात-दीड हात जाड असते आणि खिडकी बऱ्याचदा आतून रुंद, बाहेरून अरुंद ठेवलेली असते. भिंतीला पोटही आलेलं असतं. नवी खिडकी भिंतीत नेमकी कुठे बसणार ते आधी ठरवा आणि तिथलंच माप घ्या. जुनी चौकट ठेवणार असाल, तर चौकटीच्या आतलं.

भाव चौरस फुटावर असतो, म्हणून मोजणीत पैसा आहे. 48 बाय 42 इंच म्हणजे 4 गुणिले साडेतीन, 14 चौरस फूट. ‘धरा चार बाय चार’ म्हटलं की झाले 16. चार खिडक्यांना 8 चौरस फुटांचे पैसे उगाच गेले. काही जण माप पुढच्या पुऱ्या आकड्याला नेऊन बिल करतात, तेही आधीच विचारा. आणि दोन पल्ल्यांची सरकती खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. आपल्या मे महिन्यात, तेही चुलीच्या खोलीत, मला तरी ती नको वाटते. तिथे उघडणारी झडपंच बरी.

मागच्या महिन्यात गटातल्या एकीच्या घरी आम्ही दोघींनी मोजलं. प्रत्येक खिडकीला नंबर दिला, आधी रुंदी, मग उंची, असं लिहिलं. कारागीर हसला. दोन खिडक्यांत त्याच्या आणि आमच्या मापात फरक निघाला, तेव्हा त्यानं परत टेप लावली. एकीत आमचं बरोबर होतं, एकीत त्याचं. दोन्ही आकडे दुरुस्त करून कागदावर त्याची सही घेतली, आणि मग मैत्रिणीनं आगाऊ पैसे दिले.