पन्नाशीनंतर वायर जोडताना

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या छंदांविषयीच्या कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आत्ताच गच्चीवरच्या बागेविषयी इतकं छान ऐकलं की त्यामानाने माझा विषय जरा संशयास्पद वाटेल. बी विंगमधल्या एका ५२ वर्षांच्या माणसाने घरात इलेक्ट्रिक गिटार आणली, ही बातमी लिफ्टमधून माझ्याआधी सातव्या मजल्यावर पोचली होती. दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात गाठलं. "अहो, ते ऑर्केस्ट्रात वाजतं तसलं काहीतरी आणलंय म्हणे तुम्ही?" काकूंची काळजी रास्त होती. काकांची बायपास होऊन महिनाही झाला नव्हता. मी म्हटलं, "काकू, एकदा जरी आवाज आला तरी बेल वाजवा, मी बंद करतो." या गोष्टीला दीड वर्ष झालं. बेल वाजलेली नाही. का वाजली नाही, ते पुढे सांगतो.

साधी गिटार, म्हणजे पोकळ लाकडी खोक्याची, मी कॉलेजात असल्यापासून वाजवतोय. आपल्या सोसायटीच्या पहिल्या कोजागरीला गच्चीवरचे दिवे गेले होते आणि दूध आटेपर्यंत अंधारात गाणी चालली होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. त्या रात्री वाजली ती हीच गिटार. मी काही कलाकार नाही. पण ऑफिसातून आल्यावर अर्धा तास ती मांडीवर घेतली की दिवसभराचा शीण उतरायचा.

पन्नाशीला डाव्या हाताचा अंगठा मुळाशी दुखायला लागला. आधी बाटलीचं झाकण उघडताना, मग स्कूटरचा क्लच दाबताना, मग गिटारवर. डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगितलं की सांधा झिजतोय. पूर्ण बरं होण्यातलं हे दुखणं नाही, सांभाळून वापरायचं. "वाजवणं सोडू नका, फक्त दाबणं कमी करा," असं ते म्हणाले. आता साध्या गिटारवर तार नीट दाबली नाही तर ती खरखरते. मी पातळ तारा लावून पाहिल्या, दुकानात नेऊन तारांची उंचीही कमी करून घेतली. थोडा फरक पडला, पण पुरेसा नाही. शेवटी गिटार कपाटावर गेली आणि आठ महिने तिथेच राहिली. घरात कुणी काही बोललं नाही. फक्त बायको एकदा म्हणाली, "तुम्ही हल्ली संध्याकाळी नुसतेच बसता."

गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मला हिशोब समजावला. साध्या गिटारच्या नेहमीच्या सहा तारांचा एकत्र ताण ७० किलोच्या वर जातो. इलेक्ट्रिकच्या सगळ्यांत पातळ संचांपैकी जो सहज मिळतो, त्याचा ताण ४० किलोच्या आसपास असतो. तिथली पहिली तार ०.२३ मिलिमीटर जाडीची, साध्या गिटारची ०.३० च्या घरात. आकड्यांत फरक लहान दिसतो, बोटाला तो लगेच कळतो. "साहेब, यावर तार दाबायची नाही, टेकवायची," तो म्हणाला. डॉक्टरांचंच वाक्य दुसऱ्या भाषेत.

आता ही चालते कशी? साध्या गिटारमध्ये तार हलते, तिच्याबरोबर पुढची लाकडी फळी हलते आणि खोक्यातली हवा आवाज मोठा करते. इलेक्ट्रिकमध्ये खोकं नसतंच. तारांखाली लोहचुंबक असतात, त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांत अगदी क्षीण वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोचं तत्त्व, उलट्या बाजूने आलेलं म्हणा. ती वीज वायरमधून ॲम्पमध्ये जाते आणि तिथे तिचा आवाज होतो. म्हणजे वायर जोडलीच नाही तर ही गिटार शेजारच्या खोलीतही धड ऐकू येत नाही. आणि हेडफोन लावला तर सगळा ऑर्केस्ट्रा फक्त माझ्या कानात! काकूंनी बेल का वाजवली नाही, ते आता कळलं असेल. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी खरी मोठ्या आवाजाची गिटार ती जुनी, साधी.

गंमत म्हणजे हे वाद्य जन्माला आलं ते आवाज मोठा हवा म्हणून. १९३० च्या आसपास अमेरिकेत नाचाच्या बँडमध्ये ट्रम्पेट, सॅक्सोफोनपुढे बिचारी गिटार ऐकूच यायची नाही. १९३२ मध्ये रिकनबॅकरची पहिली इलेक्ट्रिक गिटार बाजारात आली. ती दिसायला इतकी तव्यासारखी होती की लोक तिला 'फ्राइंग पॅन' म्हणत. मडी वॉटर्स हे ब्लूज गायक १९४३ मध्ये मिसिसिपीच्या शेतमळ्यातून शिकागोला आले. गावाकडे साध्या गिटारवर भागायचं, पण शहरातल्या क्लबांच्या गोंगाटात भागेना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक हाती घेतली. आणि आपणही हा आवाज लहानपणापासून ऐकतोय. 'दम मारो दम' आठवा, १९७१ चं. त्यात गिटार वाजवली आहे भूपिंदर सिंग यांनी. हो, तेच गझलवाले! मडी वॉटर्सना गोंगाटात ऐकू जायचं होतं, मला इमारतीत ऐकू जायचं नव्हतं. वाद्य एकच.

आता शिकण्याविषयी. पस्तीस वर्षांचा हात असला तरी ही सुरुवात जवळजवळ बिगरीपासून असते. साध्या गिटारवर सहाही तारा एकदम छेडायच्या, खोली भरून जाते. इलेक्ट्रिकवर प्रत्येक बारीक स्पर्श मोठा होऊन बाहेर येतो. बोट सरकलं, ऐकू येतं. जोरात दाबलं तर पातळ तार ताणली जाऊन सूर चढतो, म्हणजे जोर लावल्याची शिक्षा ताबडतोब. आणि मुख्य म्हणजे ज्या तारांना तुम्ही हात लावलेला नाही, त्याही आपल्या आपण गुणगुणत राहतात.

हे मला शिकवलं आपल्या सी विंगमधल्या मुलाने. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मागच्या रांगेत बसलाय, नाव घेत नाही, लाजेल. त्याने पहिल्या दिवशी दोन मिनिटं ऐकलं आणि अगदी अदबीने म्हणाला, "काका, वाजवताय छान. पण जे वाजवत नाही आहात, तेही ऐकू येतंय." मग त्याने दाखवलं. उजव्या तळव्याची कड जाड तारांवर अलगद टेकवायची. डाव्या हाताची मोकळी बोटं बाकीच्या तारांवर नुसती विसावू द्यायची. दाबायचं नाही, फक्त त्यांना गप्प ठेवायचं. हे अंगवळणी पडायला मला चार महिने लागले. रोज वीस मिनिटं, त्यातली पंधरा मिनिटं तारा गप्प करण्याची प्रॅक्टिस. बायको विचारायची, "आज काय शिकलात?" मी सांगायचो, "न वाजवायला."

गेल्या गणपतीत मुलांनी मला त्यांच्यात घेतलं, तेव्हा याचा उपयोग कळला. एकटं वाजवताना सहा तारांचा कॉर्ड शोभतो. पण बेस, की-बोर्ड आणि ड्रम असताना तोच कॉर्ड म्हणजे सकाळच्या लोकलमध्ये दारात बॅग पसरून उभं राहणं. मुलांनी मला दोन-तीन तारांचं काम दिलं. तेवढंच, पण वेळेवर. आरतीनंतरच्या त्या चार गाण्यांत माझा वाटा तुमच्या कानाला वेगळा कळला नसेल. पण गाणं भरलेलं वाटलं असेल, तर मी तिथे होतो.

कुणाच्या मनात असेल तर थोडं व्यवहाराचं. नुसत्या गिटारची किंमत पाहू नका. ॲम्प, वायर, पट्टा आणि हेडफोन धरून बजेट करा. मला सगळं मिळून २२ हजार पडले. दुकानात उभं राहून गळ्यात अडकवून बघा, भरीव लाकूड असल्यामुळे वजन ३ ते ४ किलो असतं आणि आपले खांदे आता विशीतले नाहीत. घरासाठी लहानातला लहान ॲम्प पुरतो. पावसाळ्यात वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर गंजतात. हेडफोनचा आवाज बेताचा ठेवा, शेजारी वाचले पण आपले कान गेले असं नको. ॲम्पवर वाजवायचं तर निवासी भागात रात्री १० नंतर मर्यादा ४५ डेसिबलची आहे, दिवसा ५५. आणि सांधा दुखत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. माझा अंगठा बरा झालेला नाही. पावसाळी हवेत अजून ठणकतो. मग त्या दिवशी दहाच मिनिटं.

जुनी गिटार मी विकलेली नाही. ती कपाटावरून खाली आली आहे आणि रविवारी एखाद-दुसरं गाणं तिच्यावरही होतं. एक सोडून दुसरी धरली असं झालं नाही. दुसरी आली म्हणून पहिलीही राहिली.

आपल्या वयात हातातून एकेक गोष्ट सुटायला लागते. बॅडमिंटन सुटतं, ट्रेक सुटतात, आणि आपण समजूतदारपणे 'आता वय झालं' म्हणतो. माझं एवढंच सांगणं आहे की सोडण्याआधी एकदा विचारून बघा, हेच थोड्या वेगळ्या तऱ्हेने जमेल का? डॉक्टरांना विचारा, कारागिराला विचारा, आणि न लाजता सोसायटीतल्या विशीतल्या पोरांना विचारा. ती फार चांगलं शिकवतात. फक्त आपण त्यांच्यासमोर 'आमच्या वेळी' असं सुरू करायचं नाही.

माळ्यावर कुणाची पेटी असेल, कुणाचा तबला गवसणीत असेल, तर खाली काढा. रविवारी सकाळी ११ ते १२ मुलं याच हॉलमध्ये प्रॅक्टिस करतात आणि खुर्च्या भरपूर आहेत. सोसायटीला २५ वर्षं पूर्ण झाल्याबद्दल आपणा सर्वांचं अभिनंदन.