गुडघा कोणापुढे टेकावा?

जुन्या गोव्यातील बॉम जेझू बासिलिकेत प्रथमच पाऊल टाकणाऱ्याच्या नजरेत भरते ती मुख्य वेदीवरील संत इग्नेशियस लोयोला यांची भव्य मूर्ती. तिच्यापुढे बाळ येशूची प्रतिमा अगदी लहान वाटते. एका बाजूस संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांची रुपेरी पेटी. १६०५ साली अभिषेक झालेले हे मंदिर नावाने बाळ येशूचे, परंतु येथे राज्य संतांचेच, असा परक्याचा समज झाला तर नवल नाही. त्याने मात्र मान आणखी थोडी वर करावी. इग्नेशियस भक्तांकडे पाहतच नाहीत. त्यांची दृष्टी वर, तेजोवलयात कोरलेल्या येशूनामाकडे लागलेली आहे आणि त्याच्याही वर पवित्र त्रैक्य विराजमान आहे.

परमेश्वर निर्माता, बाकी सारे निर्मित. मरियामाता आणि देवदूतसुद्धा. ख्रिस्ती उपासनेची सारी मांडणी या एका भेदावर उभी आहे. इ. स. ७८७ मधील निकायाच्या दुसऱ्या परिषदेने प्रतिमांच्या वंदनास मान्यता दिली. आराधना मात्र केवळ ईश्वराची, असे बजावले. ग्रीक भाषेत या दोहोंना वेगळे शब्द होते. मराठीत पूजा, भक्ती, नमस्कार हे शब्द देवालाही चालतात नि संतालाही. घोटाळ्याला तेथेच वाव मिळतो.

तो निस्तरण्याचे काम पुष्कळदा ग्रंथांपेक्षा प्रार्थनेच्या वळणानेच केले आहे. गोव्यात रस्त्याकडेच्या क्रुसापाशी सायंकाळी लादाईन गायली जाते. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव आले की जमाव दयेची याचना करतो. मरियेचे नाव आले की प्रतिसाद बदलतो, तिच्याकडे केवळ ‘आमच्यासाठी विनवणी कर’ एवढेच मागणे असते. धर्मशास्त्राचे अक्षरही न वाचलेली म्हातारी हा प्रतिसाद चुकत नाही. देहालाही असेच वळण लावलेले असते. पवित्र साक्रामेंताच्या मंजूषेसमोरून जाताना उजवा गुडघा भूमीला टेकावयाचा. संताच्या मूर्तीसमोर मस्तक लवविले तरी पुरे. (शुभ शुक्रवारी क्रुसापुढे गुडघा टेकतात, हा अपवाद.)

तरीही व्यवहारात ही सीमारेषा पुसट होतेच. वांद्र्याच्या मरियामातेच्या जत्रेत मेणाचे हात-पाय वाहणारी आई आजारी लेकरासाठी मरियेकडे रदबदली मागते, की प्रत्यक्ष बरे करणारी तीच असे समजते, हे तिचे तीच जाणे. तिच्या अश्रूंना कोणी हसू नये. परंतु जो सणाला येतो, मंजूषेकडे पाठ करून थेट संताच्या मूर्तीकडे धावतो आणि नवसाचा हिशेब चुकता करून परततो, त्याला धर्मगुरूंनी नि शिक्षकांनी काहीच न सांगणे, ही दया नव्हे. तो आळस होय.

गोव्यातील अनेक ख्रिस्ती घरांत संध्याकाळची घंटा झाली की दिवाणखान्यातील वेदीपुढे सारे कुटुंब गुडघे टेकते. जपमाळ आटोपल्यावर मुले वडीलधाऱ्यांपुढे हात जोडून ‘बेसांव’, म्हणजे आशीर्वाद, मागतात. आजी नातवाच्या डोक्यावर हात ठेवते. पण आशीर्वाद देणारा म्हणून नाव घेते ते देवाचेच. मग पाने मांडली जातात.