अंगण कापू नका
(तेल्हारा येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



पत्रिकेत विषय छापला आहे ‘घराभोवतीच्या वन्यजीवांचं छायाचित्रण आणि फोटो एडिटिंग’. दोन्हींवर बोलणार आहे. पण ज्यासाठी आलो ते आधीच सांगून टाकतो. फोटोतून अंगण कापू नका. पक्षी ठेवा, आणि त्याच्या मागची कपड्यांची दोरी, बादली, कुलर, टिनाचं छप्पर हेही ठेवा.

मेळघाटाबद्दल बोलत नाही. देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आपल्या शेजारी आहे, नरनाळा आणि वानचं जंगल तुम्हाला मी काय सांगावं! तिथं गाडी लागते, परवानगी लागते, लांब पल्ल्याची महागडी लेन्स लागते. घरी शिंपी पक्षी आहे, शिंजीर आहे, खार, सरडा, संध्याकाळी तारेवर येऊन बसणारा पिंगळा आहे. घरच्या ह्या जीवांच्या अभ्यासाला कुणी कमी लेखू नये. साताऱ्यात १८५१ साली जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकन मुंबई इलाख्यात कस्टम आणि मीठ खात्यात नोकरीला होते. त्यांचं ‘द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर’ हे पुस्तक १८८३ मध्ये निघालं, आणि त्यातले नायक कोण, तर बंगल्यातल्या पाली, मुंग्या, उंदीर आणि आवारातले कावळे. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही एटकन होते.

आता आपल्या काळातलं उदाहरण. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमची ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ ही स्पर्धा जगभर मानली जाते. २०१६ साली तिच्या शहरी विभागात मुंबईचे नयन खानोलकर जिंकले. फोटोत काय आहे? संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेच्या वस्तीतली एक बोळ, रात्रीची वेळ, आणि त्या बोळीतून चाललेला बिबट्या. खानोलकरांनी फ्लॅश असे लावले होते की बोळीत रोज असतो तसाच उजेड दिसावा. कॅमेराही असा ठेवला की बिबट्यानं सगळी फ्रेम व्यापू नये. जंगलातल्या बिबट्याचे फोटो ढिगानं आहेत. हा फोटो त्या घरांमुळे मोठा झाला. घरं कापली असती तर माणूस आणि बिबट्या एका बोळीत नांदतात, ही गोष्टच कापली गेली असती.

एवढ्या लांब कशाला जायचं? गेल्या उन्हाळ्यात इथल्याच एका खेड्यातल्या मुलीनं मला शिंपिणीचा फोटो पाठवला. सुरेख. पक्षी नेमका टिपलेला, मागे सगळं काळं कुळकुळीत. मी म्हटलं, बाई, मूळ फोटो पाठव. तो आला आणि मी बघतच राहिलो. शिंपीण कपड्यांच्या दोरीवर बसलेली, चोचीत पांढरा पुंजका, आणि मागे ओसरीत आढ्यापर्यंत कापूस!

शिंपीण घरटं कशी शिवते, ते माहीत आहे ना? इथं थोडं थांबतो, कारण हे थांबण्याजोगंच आहे. ती पानांच्या कडा जवळ आणते, चोचीनं बारीक भोक पाडते आणि त्यातून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा तंतू ओवते. तंतूचं टोक बाहेरच्या बाजूला फुलतं, म्हणून ते भोकातून परत सुटत नाही. असे टाके घालत पानांची पिशवी होते, आत मऊ अस्तर पडतं, तिथं अंडी. त्या मुलीच्या घरी लिंबूच्या झाडावर हे काम चाललं होतं, आणि शिवणाचा माल ओसरीतून जात होता. मे महिन्यापर्यंत कापूस घरात का होता?

(श्रोत्यांतून : ‘भाव नव्हता!’ हशा.)

बरोबर. भाव वाढेल म्हणून कापूस घरात, त्यानं घरातल्या सगळ्यांच्या अंगाला खाज, आणि शिंपिणीला दारातच अस्तर. वऱ्हाडातलं एक अख्खं वर्ष त्या फोटोत होतं. पोरीनं ते कापलं, कारण आपण सगळ्यांनी तिला शिकवलं की मागचा पसारा म्हणजे घाण. तो पसारा नाही. पाखराचा पत्ता आहे तो.

(श्रोत्यांतून : ‘काहून सर, मंग एडिटिंग करावंच नाही काय?’)

करावं ना! मी एडिटिंगच्या विरोधात बोलतो आहे, असं कृपा करून समजू नका. समोर स्टुडिओवाले मित्र बसलेत, त्यांचा चेहरा पडलेला मला इथून दिसतो. लग्नाच्या अल्बमचा नियम वेगळा, नवरीच्या मागचा जनरेटर तुम्ही खुशाल काढा. वन्यजीवाच्या फोटोत उजेड दुरुस्त करायचा, वस्तूंना हात लावायचा नाही. १९८२ च्या फेब्रुवारीत ‘नॅशनल जिऑग्राफिक’नं आडवा फोटो उभ्या मुखपृष्ठात बसवण्यासाठी पिरॅमिड संगणकावर जवळजवळ सरकवले, तर केवढा गदारोळ झाला! आज तेच काम आपल्या खिशातला मोबाइल एका बोटात करतो.

आता कसं करायचं ते. फोटो वाकडा असेल तर आधी सरळ करा. आपल्याकडे भिंती निळ्या-हिरव्या रंगाच्या असतात, तो रंग पाखराच्या पोटावर उतरतो. स्नॅपसीडमध्ये व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर आहे. फ्रेममध्ये चुन्याची पांढरी भिंत असेल तर तो तिच्यावर टेकवा, रंग ताळ्यावर येतील. बघा, इथंही अंगणच कामाला आलं. मग सावली थोडी उघडा, भडक उजेड थोडा दाबा. सॅच्युरेशनला हात लावू नका, शार्पनिंग बेताचं, नाहीतर पिसं तारेसारखी दिसतात.

मात्र जळालेला पांढरा रंग कुठलंही ॲप परत आणत नाही. म्हणून फोटो काढतानाच स्क्रीनवर पाखराच्या डोळ्यावर बोट दाबून धरा, फोकस पक्का झाला की बोट खाली ओढून उजेड कमी करा. आपल्या मे महिन्यात सकाळी आठनंतरचं ऊन फोटोच्या कामाचं नाही. खोलीत अंधार करून खिडकीच्या गजाला मोबाइल टेकवा आणि कुलरखालच्या ओलीकडे लक्ष ठेवा, तहानलेली पाखरं तिथं येतातच.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. व्हिडिओचं सगळंच राहिलं, तेव्हा एकच सांगतो : मोबाइल आडवा धरा, हलवू नका, आणि वर गाणं टाकू नका. कुलरची घरघर, मिक्सरचा आवाज, आजीची हाक, त्यातूनच दयाळाची शीळ ऐकू येऊ द्या.

आणि घरट्याबद्दल मी कुणाचंही ऐकणार नाही. नीट दिसावं म्हणून आडवं आलेलं पान तोडायचं नाही, फांदी बांधून बाजूला करायची नाही. पान गेलं की पिलांवर ऊन येतं, आणि कावळ्याला, भारद्वाजाला वाट सापडते. दिसत नसेल तर फोटो नको.

मूळ फोटो कधीच पुसू नका. तारीख, गाव आणि झाड लिहून वेगळा ठेवा. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो, चार दिवसांचा. भारत त्यात २०१३ पासून आहे. घराच्या अंगणात पंधरा मिनिटं मोजणी केली तरी ती धरतात. तेल्हाऱ्याची नोंद दुसऱ्या गावचं कुणी येऊन करणार नाही.

आभारप्रदर्शन होऊ द्या. ज्यांच्या मोबाइलमध्ये पाखरांचे फोटो आहेत त्यांनी नंतर मंचाजवळ यावं, व्हाइट बॅलन्स इथंच करून दाखवतो. मूळ फोटो असेल तोच आणा.